कडुलिंबाला टांगलेले बूट

माझा व्यवसाय फिजिओथेरपीचा, असं सांगितलं की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारतात. एक, ‘म्हणजे मालिश का?’ दोन, ‘पोरांना कशाला लागतं ते?’ फार वर्षं मी दोन्हींची सविस्तर उत्तरं दिली. आता देत नाही. ‘मी लहान मुलांचे पाय बघते,’ एवढं सांगते आणि पुढच्या कामाला लागते.

काम असं. कुणाचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं, कुणाचं सपाट, कुणी चवड्यांवरच चालतं, कुणाचे सांधे इतके सैल की उभं राहिलं की गुडघा मागे जातो. माझ्या हातात सुरी नाही आणि औषधाची चिठ्ठीही नाही. स्नायूंना ताण देणं, व्यायाम बसवणं, बुटात काय घालायचं ते मापून देणं आणि हे सगळं आईबापांकडून रोज करवून घेणं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड. ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

नांदेडला माझं छोटं सेंटर आहे. गुरुवारी लातूरला जाते. दोन्हीकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत यादी लावलेली आहे, कारण मी याद्या करणारी बाई आहे. टाच आधी नीट बसवा. मधला पट्टा पहिल्यांदा आवळा. बोटं निळी पडत नाहीत ना, बघा. मोजे रोज बदला. सर्वांत खाली लाल अक्षरांत: रडलं तरी काढू नका. यादी सगळे वाचतात, माना डोलावतात, काही जण मोबाइलवर फोटोही काढून नेतात.

लातूर क्लासचं गाव, त्यामुळे तिथले पालक पुढचं बघून चालतात. एक गृहस्थ सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. तळवे सपाट, बाकी पोरगं ठणठणीत.

“म्याडम, हे पुढं पोलीस भरतीला उतरणार हाय. आत्ताच कमान काढून द्या.”

मी मुलाला चवड्यांवर उभं केलं. तळव्याखाली कमान दिसली.

“ही बघा. आहे की.”

“मंग टाच टेकवली की कुठं जाते?”

“वजनानं दबते. लहान वयात बहुतेकांची अशीच असते. दुखतं का त्याला?”

“दुखत न्हाई. पन भरतीत घोटाळा नको.”

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते येतात आणि शेताचा बांध मोजून घ्यावा तशी कमान मोजून घेतात. मुलाला आता पोलीस व्हायचं नाही. ते मला त्यानं सांगितलंय, वडिलांना अजून नाही.

सगळीच कामं अशी हलकी नसतात. मुदखेडहून रेल्वेने एक आई मुलाला घेऊन यायची. “म्हाताऱ्यावानी उठतंय,” म्हणायची. मुलगा जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. तसं उठणारं मूल बघितलं की मला आधी कळतं, तपासणी नंतर. स्नायू हळूहळू झिजत जाणारा तो आजार. तिथे मी काही सरळ करू शकत नाही. फक्त लांबवते. त्याचा घोटा आखडू नये म्हणून त्याच्या आईनं रोज ताण दिला, एक दिवस चुकवला नाही. मुलगा चाकाच्या खुर्चीत बसला तेव्हाही त्याचं पाऊल खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर सपाट टेकत होतं. बाहेरच्या माणसाला हे यश वाटणार नाही. आमच्याकडे याला यश म्हणतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

देगलूरजवळच्या एका खेड्यातलं शेतकरी कुटुंब. व्यंकट, त्याची बायको सविता आणि त्यांची पहिली मुलगी ईश्वरी. ईश्वरीचा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला, तळवा जवळजवळ वर बघणारा. दिसायला भयंकर, पण बरा होणारा. दर आठवड्याला पाऊल थोडं सरळ करून प्लास्टर घालायचं, असं काही आठवडे. प्लास्टर हाडांचे डॉक्टर घालतात, मी पाऊल धरते. मग टाचेमागची शीर थोडी सैल करतात, शेवटचं प्लास्टर होतं आणि पाय सरळ दिसायला लागतो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पाय सरळ झाला तरी आतल्या शिरा आणि स्नायू त्याला पुन्हा जुन्या जागी ओढत असतात. म्हणून दांडीचे बूट. दोन चिमुकले बूट, मध्ये त्यांना जोडणारी दांडी, दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळवून धरणारी. सुरुवातीला दिवसरात्र, नंतर फक्त झोपेत, पण मूल चार वर्षांचं होईपर्यंत. पाऊल वाढेल तसे बूट बदलायचे. ते मध्येच सोडले तर पाय परत वळतो, आणि दुसऱ्यांदा वळलेला पाय जास्त हट्टी असतो. कुठला बूट कुठल्या पायाचा हे गोंधळात कळावं म्हणून वळलेल्या पायाच्या बुटाच्या तळाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. ही माझी स्वतःची पद्धत. कुठल्या पुस्तकात नाही.

पहिल्याच भेटीत सवितानं व्यंकट बाहेर जायची वाट बघितली आणि हळूच विचारलं, “म्याडम, गिरानानं व्हतं का हो असं?”

ग्रहणात पाय दुमडून बसली म्हणून पोरीचा पाय दुमडला, असं तिची सासू म्हणत होती. सासूला घरात सगळे अव्वा म्हणत, कारण सीमेकडची ती माणसं, बोलण्यात कानडी मिसळलेली.

“नाही. ग्रहणाचा काही संबंध नाही. तुमच्यामुळे झालेलं नाही हे.”

“तेवढं अव्वाला फोनवर सांगताव का?”

तिनं फोन लावून दिला. मी स्वच्छ शब्दांत सांगितलं. पलीकडून अव्वांनी उलट विचारलं.

“तुमाला लेकरं किती, बाई?”

“एक.”

“एकच? मंग तुमाला काय कळावं!” फोन बंद.

अव्वा नांदेडला कधी आल्या नाहीत. बसमध्ये त्यांना उलट्या होत. त्यामुळे बुटांबद्दलचं सगळं मी सविता आणि व्यंकटला समजावलं. दोघांकडून वदवून घेतलं, त्यांच्या हातून घालून-काढून घेतलं. दर रविवारी रात्री बूट घातलेल्या ईश्वरीचा फोटो पाठवायचा, असा नियम लावला. ती दिवसरात्रीची पाळी पार पडली, रात्रीचे बूट सुरू झाले. फोटो वेळेवर येत होते. ईश्वरी झोपलेली, दांडीखाली घडी घातलेली सोलापुरी चादर.

मग फोटो थांबले. दोन रविवार गेले. सविता माहेरी गेली असेल, रेंज नसेल, असं मी धरून चालले. तेवढ्यात व्यंकटचा फोन.

“म्याडम, कंदुरी हाय आपल्याकडं. तुमाला यायलाच पायजे. पाय बसला की हो पोरीचा! अव्वानं नवस बोलला व्हता.”

कंदुरी म्हणजे दर्ग्याला बोकड कापून गावजेवण घालायचं. आमच्या भागात हिंदू शेतकरीही पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. देगलूरच्या एका शाळेत त्याच दिवशी माझी पावलांची तपासणी होती. ती उरकून मी गेले.

दर्गा गावाबाहेर, छोट्या टेकाडावर. पायऱ्यांच्या खाली मोठा कडुलिंब. त्याच्याखाली चपला काढायच्या. मी वाकून सँडलचा पट्टा सोडवत होते. वर बघितलं तर फांदीला दांडीचे बूट टांगलेले. उजव्या बुटाच्या तळाला लाल ठिपका.

त्या झाडाला इतरही बरंच काही बांधलेलं होतं. चिंध्या, लाकडी पाळणे, एक कुबडी. ज्या दुखण्यातून सुटका झाली त्याची वस्तू इथे वाहायची, ही तिथली रीत. आणि ईश्वरीच्या बुटांच्या वरच्या फांदीला आणखी एक जोडी होती. उन्हानं चामडं पांढरं पडलेलं, एक पट्टा तुटलेला. तळाचा ठिपका मात्र लालच.

ती जोडीही माझ्या हातून गेलेली, मापावरून कुणाची तेही आठवलं. जळकोटकडचा एक मुलगा यायचा, मग यायचा बंद झाला. फोन लागेना. अशांच्या नावापुढे आम्ही ‘आले नाहीत’ असं लिहितो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. लोक आळशी असतात, लांबून यायला परवडत नाही, असं मनाशी म्हणतो. ते आळशी नव्हते. त्यांनी एवढ्या लांब येऊन नवस फेडला होता.

व्यंकट हसत पुढे आला. ईश्वरी त्याच्या कडेवर, नवा फ्रॉक, काजळ, पायात चांदीचे वाळे.

मी तिथेच, मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसून तिला मांडीवर घेतलं. गुडघा सरळ धरून पाऊल वर ढकलून बघितलं. मागच्या भेटीत जितकं सहज यायचं तितकं येत नव्हतं. टाच हातात कडक लागली. पाऊल किंचित आतही ओढलेलं. बघणाऱ्याला दिसलं नसतं.

“बूट कधी काढले?” मी विचारलं.

सविता माझ्याकडे न बघता बोलली. “अव्वा म्हनल्या पाय बसला. देवाचं देवाला दिऊन टाकू. मी सांगितलं की हो, म्याडम चार वर्सं म्हनल्यात. माझं कोन ऐकतंय? आधीच गिरानवाली मी.” मग आवाज आणखी खाली. “पुन्हा वळला तर मला माहेरी धाडतेत. पोरीसकट.”

व्यंकट बोकडाच्या पातेल्याकडे बघत उभा होता.

अव्वा स्वतःच आल्या. उंच, वाळक्या, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. फोनवरच्या आवाजावरून मला कुणीतरी जाडजूड बाई वाटली होती.

“जेवा आधी, बाई. मंग तपासा.”

“अव्वा, पाय परत आखडायला लागलाय. बूट आज रात्रीपासून घालायला हवेत.”

“पिराला चढवल्यात ते.”

“मग मी नवे मागवते.”

“नवे असो न्हाईतर जुने,” अव्वा म्हणाल्या. “दुखनं पिराच्या दारात सोडलं का न्हाई? मंग त्येच दुखनं पुन्हा उचलून घरात न्यायचं? असं केलं म्हंजे पाय वळनारच की. आज न्हाई वळला तर उद्या वळंल.”

त्या हट्ट करत नव्हत्या. घाबरल्या होत्या. माझ्याइतक्याच, त्याच पायासाठी. फक्त पाय कशानं वळतो याचं आमचं दोघींचं गणित वेगळं होतं. आणि त्या घरात गणित त्यांचं चालत होतं. शिरांची ओढ मी त्यांना हातावर करून दाखवली. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, “आसंल. पन दिल्यालं परत घेत नसतेत.”

जेवणाऱ्यांच्या पंगतीत एव्हाना चर्चा सुरू झाली होती. कुणी म्हणालं डाक्टरीनबाईला धंदा पायजे. कुणी म्हणालं, अहो लेकराचा पाय हाय, ऐका की. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, “तुमी खाता का न्हाई मटन? का नुसतंच भांडायला आलाव?”

“खाते,” मी म्हटलं. “पण आधी हे मिटवू.”

दर्ग्याची देखभाल करणारे मुजावर इतका वेळ पायरीवर बसून बघत होते. पांढरी दाढी, खांद्यावर टॉवेल. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी सरळ त्यांच्याकडे गेले. माझ्या शास्त्राचा इथे उपयोग नव्हता, त्यांच्या शास्त्रात काही सोय आहे का ते बघायचं होतं.

“चाचा, वाहिलेली वस्तू परत घेता येते का?”

“नक्को. वापस नै लेते.”

“आणि काम पुरं व्हायच्या आधीच वाहिली असेल तर?”

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. अव्वांना हाक मारली. “अव्वा, नवस काय बोल्ली होती तू?”

“नातीचा पाय बरा झाला की कंदुरी करीन, अन् पायातलं दुखनं तुझ्या दारात सोडीन.”

“बरा झाला?”

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली.

“पुरा नै हुआ तो नवस भी पुरा नै हुआ,” चाचा म्हणाले. “कच्चा फळ चढवलीस तू, अव्वा. पण दारातली जागा रिकामी नै सोडते. ये उतारना है तो इसकी जगा दूसरा कुछ रख. तुझं काही. पोरगी का नक्को.”

अव्वा झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. सविता मागे, पोरीला घट्ट धरून. मला वाटलं त्या गळ्यातलं काही काढतील. त्यांनी तसं काही केलं नाही. नुसतं म्हणाल्या, “ठिवते. काढा ते.”

चाचांनी काठीनं बूट खाली घेतले. बकल उन्हानं तापलेलं होतं आणि दांडीवर पक्ष्याची घाण. मी ते पुसले, पट्टे तपासले. जेवण झाल्यावर ईश्वरी पेंगली तेव्हा मांडवातच तिला घातले. घालताना अव्वांना शेजारी बसवून त्यांच्या हातून घातले. टाच आधी, मधला पट्टा पहिल्यांदा. पोरगी रडली. अव्वा तिला म्हणाल्या, “रड बाई, रड. पन काढनार न्हाई.” माझ्या यादीतली लाल ओळ, मी सांगायच्या आत.

निघायची वेळ झाली. सगळे झाडाखाली आपापल्या चपला शोधत होते. अव्वा पायऱ्या उतरल्या आणि आपल्या चपलांवरून पुढे चालू लागल्या.

“अव्वा, चपला राह्यल्या,” व्यंकट ओरडला.

“राहू दे. तिचे बूट सुटतील तवा मी घालीन.”

टेकाडाखाली वाट खडकाळ, दोन्हीकडे बाभळी. पाय-टाचांवर पोट भरणाऱ्या बाईनं अशा वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. उघड्या पायानं काय काय होतं त्याची मोठी यादी माझ्याकडे आहे. मी माझ्या सँडलचा पट्टा लावला.

दुसऱ्या दिवशी मी जळकोटच्या त्या मुलाचा शोध सुरू केला. तिथल्या आशा सेविकेनं घर शोधून दिलं. मुलगा सात वर्षांचा, शाळेत जाणारा, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालणारा. त्या कडेला टणक घट्टे. शस्त्रक्रिया करावी लागली. आता तो बूट घालून फुटबॉल खेळतो, पण त्या पायाचा घोटा पूर्ण वाकत नाही आणि वाकणार नाही. त्याचे वडील मला म्हणाले, “आमाला तर बरा झाला वाटला व्हता.” मलाही तो आळशांच्या घरचा वाटला होता.

भिंतीवरची यादी मी बदलली नाही. पहिल्या भेटीत विचारायचा एक प्रश्न मात्र वाढवला: घरात ठरवतं कोण? ते माणूस आल्याशिवाय मी बूट देत नाही. आजी, चुलते, एकदा तर गावातले निवृत्त गुरुजी आले. बस लागत असेल तर मी जाते. दुसरा प्रश्न: नवस बोललाय का, आणि काय बोललाय? पालक आधी लाजतात. मी सांगते, नवस जरूर बोला, फक्त मुदत चार वर्षांची घाला.

ईश्वरीचे फोटो त्यानंतर एकाही रविवारी चुकले नाहीत. सविताला दुसरं मूल झालं, मुलगा, सरळ पायांचा. तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतूनही फोटो आला. बूट अव्वाच घालत, हे फोटोच्या कडेला दिसणाऱ्या वाळक्या हातांवरून कळायचं. ग्रहणाचा विषय घरात निघेनासा झाला, असं सविता म्हणाली. कुणी काढला तर अव्वाच म्हणतात, “बाई म्हनल्यात, त्येचा काय संबंध न्हाई.”

गेल्या हिवाळ्यात ईश्वरी शेवटच्या तपासणीला आली. बरोबर व्यंकट, सविता, धाकटा आणि हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेल्या, उलट्यांनी अर्ध्या झालेल्या अव्वा. अनवाणी.

मी ईश्वरीला उकिडवं बसवलं. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. उभं केलं, पळवलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. उजव्या पायाची पोटरी जराशी बारीक, ती तशीच राहील. बाकी दोन पायांत फरक काढायला मला चष्मा लावावा लागला.

“बूट बंद,” मी म्हटलं.

सविता रडली. व्यंकटनं लगेच भावाला फोन लावला. अव्वा बाकावर बसून होत्या.

“खरंच बंद का? पुन्हा म्हनचाल कच्चं व्हतं.”

“पिकलं, अव्वा. आता खुशाल वाहा.”

“चपला तर गेल्या. मागच्या उरुसातच कोनी तरी घालून गेलं.” त्यांनी पिशवीतून कोऱ्या चपला काढल्या, पायात सरकवून बघितल्या. जाईनात. इतकी वर्षं मोकळं राहिलेलं पाऊल पसरलं होतं. बोटं फाकलेली, टाचांना खोल भेगा, एका भेगेत जुना काटा काळा पडलेला.

मी खालच्या स्टुलावर बसले आणि त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं. त्यांनी ओढून घ्यायचा प्रयत्न केला. मुलांचं पाऊल धरायची सवय असल्यानं मी सोडलं नाही. काटा काढला. मग कागद खाली ठेवून, मुलांचा काढते तसा, पेन्सिलीनं दोन्ही पावलांचा आकार काढून घेतला. नांदेडला ओळखीचे चांभार आहेत, मापाच्या चपला करून देतात.

“हे कशाला, बाई?” अव्वा घाबरून म्हणाल्या. “मला दांडी तर लावत न्हाईत न्हवं?”

“नाही. पण रोज रात्री कोमट पाणी, मग तेल, मग मोजे. आणि रविवारी फोटो.”

फोटो रविवारी आला. तीच सोलापुरी चादर, तिच्यावर तेल लावून चकचकीत झालेल्या दोन भेगाळ टाचा. शेजारी झोपलेल्या पोरीची दोन छोटी पावलं, उघडी.